काचेतलं ऊन

६ जानेवारी, शनिवार

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून आपोआप आत येतं.

काम एवढंच आहे. आईची निळी फाइल तुझ्याकडे राहिली आहे. संधिवाताचं निदान झालं तेव्हापासूनचे सगळे रिपोर्ट तिच्यात आहेत, स्टिरॉइडच्या गोळ्या कधी किती होत्या त्याच्या चिठ्ठ्याही. येत्या पंधरा तारखेला आईच्या हाडांच्या घनतेची पुन्हा मोजणी आहे, आणि त्याच दिवशी ड जीवनसत्त्वासाठी रक्तही द्यायचं आहे. सांध्यांचे डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं स्टिरॉइड पोटात गेलेल्या बाईचं हाडांचं औषध ठरवायचं तर जुने आकडे समोर हवेत. तीन वर्षांपूर्वीची मोजणी मीच केली होती, ती आमच्या संगणकात आहे. त्याआधीचं सगळं निळ्या फाइलीत.

आईला सकाळी बोटं उघडायला पाऊण तास लागतो. पूर्वी सव्वा तास लागायचा. पाठीचा पट्टा ती घालते, मी घरात असले तर.

दोन वर्षांपूर्वी ती तुझ्याकडे राहायला आली असताना तिचा मणका मोडला, त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. माझं म्हणणं तेव्हाच सांगून झालं आहे आणि ते बदललेलं नाही.

फाइल कुरियरने पाठवलीस तरी चालेल.

— धाकटी

ता. क. आई तुझं नाव काढत नाही. तुला वाटत असेल काढते, म्हणून कळवलं.


१८ जानेवारी, गुरुवार

ताई,

फाइल तेरा तारखेला मिळाली. आत चिठ्ठी नव्हती. मी दोनदा पाहिलं.

पण फाइलीची पाठ नवीन आहे. चारही कोपऱ्यांना कापड लावलं आहेस आणि आतले कागद तारखेप्रमाणे लावून दुहेरी टाक्याने शिवले आहेस. एवढ्या कामाला एक अख्खी संध्याकाळ जाते. चिठ्ठीला दोन मिनिटं लागली असती.

आईने फाइल मांडीवर घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "खळ जरा पातळ झाली." बाकी काही नाही. फाइल मात्र तासभर मांडीवरच होती.

मला ती खोली आठवली. तिसऱ्या मजल्यावरची, पूर्वेला एकच खिडकी असलेली. बाबा गेल्यावर आईने बाइंडिंगचं काम घरी आणलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, मी आठची. लांब टेबल, एका टोकाला दाबाचं यंत्र, दुसऱ्या टोकाला खळीचं पातेलं. आपण दोघींनी छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, फर्म्यांच्या, घड्या घालायच्या आणि आईने शिवायचं. घडीवरून तिची हाडाची घडीपट्टी फिरली की कागद एकदाच 'स्स' करायचा. तू घडी नजरेने घालायचीस. मी आधी मोजायचे. तू माझं नाव फूटपट्टी ठेवलंस ते तेव्हाच.

मग एका सकाळी आईला दाभण उचलता येईना. म्हणाली, "झोपेत हातावर पडले असेन." तसं ती वर्षभर म्हणत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं की हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे, यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. तेव्हा आई चौतीस वर्षांची होती. घरी येताना जिन्यात तिने आपल्याला विचारलं होतं, "आपल्याच अंगावर उठायला मी या शरीराचं काय वाईट केलंय गं?" तू हसलीस आणि मग ती पण हसली. मला विनोद कळला नाही. अजून पूर्ण कळलेला नाही.

तुला झाकणं आठवतात का? शाळेत जायच्या आधी तू घरातलं प्रत्येक झाकण फिरवून सैल करून ठेवायचीस. डबे, बाटल्या, गोळ्यांच्या डब्या, खळीची बरणी. आईला दिवसभरात कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून. आणि मी तुझ्या मागोमाग जाऊन सगळी पुन्हा घट्ट लावायचे. कारण झाकण म्हटलं की ते लागलेलं असायला हवं. हा प्रकार आठवडाभर चालला. शेवटी तू मला पकडलंस. मारलं नाहीस. माझ्या दोन्ही हातांवर खळ लावलीस, ती वाळेपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, "आता उघड बरणी." बोटं वाकत नव्हती. त्यानंतर मी झाकणांना हात लावला नाही.

आता मुद्दा. पंधरा तारखेला मोजणी झाली. सहकारी बाईंनी केली, मी बाहेर बसले. मोडलेला मणका मोजणीतून वगळून बाकीच्यांचा आकडा काढला आहे. तो तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या आकड्यापेक्षा इतका खाली आला आहे की तेवढ्या काळात इतकी घट होत नाही.

म्हणून आज पहाटेच जाऊन यंत्र तपासलं. आमच्याकडे रोज सकाळी पहिल्या माणसाआधी एक खोटा कणा मोजतात. प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेले चार मणके. त्यांचं उत्तर आधीच माहीत असतं, ते जुळलं तर यंत्र बरोबर. मी तो ठोकळा दहा वेळा मोजला. दहाही वेळा उत्तर जुळलं.

म्हणजे चूक यंत्राची नाही. शोधते आहे.

— धाकटी


२७ जानेवारी, शनिवार

ताई,

हे पत्र चार वेळा लिहिलं. आधीच्या तीन पत्रांत स्पष्टीकरण पहिल्या पानावर होतं आणि मुद्दा तिसऱ्या. हे उलट लिहिते.

तू आईला पाडलं नव्हतंस. तू म्हणत होतीस ते खरं होतं.

आता कसं कळलं ते. तीन वर्षांपूर्वीची मोजणी पडद्यावर उघडली. आकडा नाही, चित्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मध्ये एक पांढरा ठिपका आहे, शर्टाच्या बटणाएवढा, कडा अगदी गोल. हाडात असं काही नसतं. घरी येऊन आईला विचारलं.

"माझ्याकडे पहिल्यांदा मोजणीला आलीस, त्या सकाळी काय घेतलं होतंस?"

"चहा."

"आणि?"

"आणि काय... कॅल्शियमच्या गोळ्या. दोन."

"मोजणीच्या आदल्या दिवसापासून त्या घ्यायच्या नाहीत, हे मी फोनवर सांगितलं होतं."

"सगळ्यांना घडाघडा सांगतेस तसं सांगितलं होतंस. मला वाटलं, तो नियम बाहेरच्यांसाठी. तू नुकती तिथे लागलेली. म्हटलं, हिच्या साहेबांसमोर आपली हाडं वाईट दिसायला नकोत. नापास होऊन तुझी मान खाली घालायची का?"

"आई, ती माझी परीक्षा नव्हती."

"तेच तर. माझी होती. म्हणून अभ्यास करून आले."

गोळ्या विरघळायच्या आधीच मी तिला टेबलावर घेतलं. पोटातल्या कॅल्शियमची सावली मणक्यांवर पडली आणि यंत्राने तिलाही हाड समजून मोजलं. पाय आत वळत नव्हता म्हणून खुब्याची मोजणी झालीच नव्हती. डॉक्टरांपुढे फक्त मणक्यांचा आकडा गेला, आणि तो चांगला होता. त्यांनी हाडांचं औषध पुढे ढकललं.

आईने गोळ्या घेतल्या, ही आईची चूक. पुढची माझी.

तो ठिपका मी तेव्हाही पाहिला होता. विचारलंही होतं, "कपड्यांत बटण आहे का?" आई "नाही गं" म्हणाली आणि मी पुढे गेले. त्या दोन मणक्यांचे आकडे शेजारच्यांपेक्षा खूप वर होते. एवढा फरक दिसला की ते मणके वगळायचे, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मी रोज वगळते. त्या दिवशी नाही वगळले. बाहेर रांग होती, असं मी आधीच्या तिन्ही पत्रांत लिहिलं होतं. रांग रोजच असते. खरं कारण हे, की आकडा चांगला होता आणि टेबलावर आई होती.

त्यानंतर वर्षभराने ती तुझ्याकडे आली. न्हाणीतल्या स्टुलावरून तू तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलंस आणि तिच्या पाठीत आवाज झाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला हे तीन वेळा सांगितलंस. तुझ्या साडीचा पदर ओला होता. आणि मी म्हणाले, "नुसतं उठवल्याने हा मणका मोडत नाही. मी स्वतः मोजलाय. तुझ्या हातून ती पडली आणि आता तू लपवतेस." आईनेही सांगितलं की ती पडली नाही. मी ठरवून टाकलं की ती तुला पाठीशी घालते आहे. तुम्हा दोघींपेक्षा मला माझा आकडा जास्त खरा वाटला.

इतकी विरळ हाडं उठवताना मोडतात. वाकताना, खोकतानाही मोडतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. आईची हाडं तशी आहेत, एवढंच माहीत नव्हतं, आणि ते मोजायचं काम माझं होतं.

सोमवारी विभागप्रमुखांना आणि डॉक्टरांना लेखी कळवलं. जुना रिपोर्ट रद्द झाला. मला समज मिळाली, नोकरी राहिली. आईचं हाडांचं औषध परवा सुरू झालं. कालपासून आई माझ्याशी फारच गोड बोलते आहे. तिला वाटतं, तिच्यामुळे मला बोलणी बसली.

माफी मागायची माझी पद्धत चांगली नाही हे तुला माहीत आहे. मी चुकले. तुला खोटारडी म्हणाले, आणि ते दोन वर्षं तसंच ठेवलं.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. पण तू पुन्हा घरी यावीस, एवढं मला हवं आहे.

— धाकटी


२ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुझं उत्तर नाही. मी म्हटलंच होतं की लिहायलाच हवं असं नाही. तसं म्हणायला नको होतं.

आईच्या रक्ताचा रिपोर्ट काल मिळाला. ड जीवनसत्त्व अडतीस. मणका मोडला तेव्हा ते अकरा होतं, तुला आठवत असेल. तेव्हापासून तिला आठवड्यातून एकदा कॅप्सूल आहे, दर रविवारी, दुधाबरोबर. रविवारी सकाळी मी कामावर असते, त्यामुळे ती कॅप्सूल तिच्या आठवणीवर सोडलेली. आणि तिची आठवण कशी आहे ते तू जाणतेस, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणारी बाई. म्हणून अडतीस बघून मला पुन्हा शंका आली. आता मला प्रत्येक चांगल्या आकड्याची शंका येते.

रिकाम्या पट्ट्या मोजल्या. त्या ती ड्रॉवरमध्ये जपून ठेवते, का ते विचारू नकोस. एकही रविवार चुकलेला नाही.

"आई, इतकं नेमानं कसं जमलं तुला?"

"आठवण होते."

"कशी?"

"वाजते."

"काय वाजतं?"

ती खिडकीकडे बघायला लागली. मग म्हणाली, "फोन."

"कुणाचा?"

"आता कुणाचा म्हणून काय विचारतेस? मला दोनच मुली आहेत. एक तर माझ्यासमोर बसलीय."

दर रविवारी नऊ वाजता. दोन वर्षं. बोटांनी कॅप्सूल निघत नाही म्हणून पट्टीच्या मागून हाडाच्या घडीपट्टीच्या टोकाने दाबायचं, हेही तूच तिला फोनवरून शिकवलंस. ती घडीपट्टी तिच्या उशाशी का असते, असा प्रश्न मला दोन वर्षांत पडला नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"ताई काही सांगू नको म्हणाली नव्हती हं. माझी मीच नाही सांगितलं. तू किती मिनिटं बोललो ते मोजत बसली असतीस."

तर आई तुझं नाव काढत नाही, असं मी पहिल्या पत्रात कळवलं होतं. माझ्यासमोर काढत नाही, एवढंच मला माहीत होतं. तू ते वाचून हसली असशील. हसली असशील तर बरं.

आता एक गोष्ट सांगते, ती मी तुला कधी सांगितली नाही. त्या खोलीत आईने दहा वर्षं उन्हात हात शेकले. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं होतं. खिडकीतून ऊन साडेनऊला टेबलाच्या पायाशी यायचं आणि अकराच्या सुमारास खिडकीपाशी जाऊन संपायचं. मी खडूने फरशीवर रेघा मारून वेळा लिहिल्या होत्या. तू आईचं स्टूल रेघेरेघेने सरकवायचीस. स्टूल सरकताना ती दोन्ही पाय उचलून धरायची, लहान मुलीसारखी, आणि "चला, पुढचं स्टेशन" म्हणायची.

खिडकी मी बंद ठेवायचे. कागद उडायचे म्हणून. तू उघडायचीस, मी लावायचे. एकदा तू उघडलीस आणि कुणाच्या तरी प्रबंधाची दोनशे पानं खोलीभर झाली. बोलणी तुला बसली. त्यानंतर खिडकी बंदच राहिली. तू म्हणायचीस, "काचेतलं ऊन शिळं लागतं गं." मी म्हणायचे, ऊन शिळं नसतं.

शिकायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी एका तासाला कळलं. उन्हातल्या ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काच जवळजवळ सगळे अडवते. आत येते ती फक्त ऊब. दहा वर्षं रेघा आखून, वेळा लिहून मी आईला नुसती ऊब दिली. खिडकी उघडी असती तर आजार टळला नसता. पण मोडलेल्या मणक्यापाशी अकरा हा आकडा कदाचित नसता. कदाचित. हे मोजता येत नाही.

सुट्टीत घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं होतं, वर्गात उत्तर देतात तसं. ती तेव्हा उन्हात बसलेली होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ऊब खोटी होती का?"

मी म्हणाले, ऊब मोजायचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी मला ते उत्तर चांगलं वाटलं होतं.

ताई, आईच्या सगळ्या फाइलीत अडतीस हा एकच आकडा असा आहे की ज्याला माझा हात लागलेला नाही. तो तुझा आहे.

अकरा तारखेच्या रविवारची पाळी मी बदलून घेतली आहे. नऊ वाजता मी घरी असेन. फोनपर्यंत पोचायला आईला वेळ लागतो, म्हणून मी उचलेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर फक्त "गोळी" म्हण. मी तिला देईन आणि फोनही देईन.

— फूटपट्टी


११ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आज आपण बोललो, तरी हे पत्र लिहिते आहे. कारण शेवटी आहे.

आई आठपासून फोनशेजारी बसली होती. नऊ वाजले. नऊ वाजून एक मिनिट झालं. ती म्हणाली, "घड्याळ पुढे असेल." घड्याळ पुढे नव्हतं, मी सकाळीच लावलं होतं. मी म्हणाले, "असेल."

नऊ वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला. मागून तुझ्याकडच्या दाबाच्या यंत्राचं चाक फिरत होतं आणि मग थांबलं.

तू म्हणालीस, "गोळी."

मी म्हणाले, "देते." आणि फोन आईकडे द्यायला गेले, तर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "माझे हात आज धरलेत. तूच धर." तिचे हात आज धरलेले नव्हते. सकाळी अर्ध्या तासात मोकळे झाले होते.

म्हणून मीच धरला. मग तू विचारलंस, "तुला समज दिली म्हणजे नक्की काय म्हणाले?" मी सांगितलं. तू म्हणालीस, "बरं झालं." मग म्हणालीस, "जेवतेस का नीट?" त्यानंतर तुझा आवाज बदलला. मी ऐकत होते, पण बघत होते उन्हाकडे. आईने खिडकी उघडायला लावली होती आणि टेबलावरचे कागद उडत होते. मी उठले नाही.

चोवीस तारखेच्या शनिवारी येतेस म्हणालीस. आई तेव्हापासून माझ्या मागे आहे, कपाट आवर म्हणून. तुझी खळ पातळ का होते ते ती तुला समोरासमोर सांगणार आहे. तयारीने ये.

किती मिनिटं बोललो ते मी मोजलं नाही.

आता कारण. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "झाकणं अजून घट्ट लावतेस का गं?" मी "नाही" म्हणाले.

ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि एकेक करून सगळी सैल केली. सोळा होती. शेवटचं कॅल्शियमच्या बाटलीचं. ते इतकं घट्ट होतं की मला फडकं घ्यावं लागलं.

आता सैल आहेत.

तुझी,
फूटपट्टी